गुरुलिंगची उसण

गुरुलिंगच्या पाठीत उसण भरली ती बायकोला उचलताना, पण ही गोष्ट त्यानं गावात कुणापुढं कबूल केली नाही. विचारील त्याला त्यानं सांगितलं, गुळाची ढेप उचलताना लचक भरली म्हणून. त्याच्या किराणा दुकानातल्या ढेपा टेम्पोवाला थेट आत आणून ठेवायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी कुणी उलट विचारलं नाही. गुरुलिंग आणि त्याची बायको सिंधु हा त्या गावाच्या अभिमानाचा विषय होता, आणि अभिमानाच्या गोष्टीला कुणी फार खोदत बसत नाही.

गाव औशाच्या बाजूचं. भूकंपानंतर नव्या जागी बसवलेलं, एकसारख्या घरांच्या ओळी आणि मधून गावाला न शोभणारे ऐसपैस रस्ते. अशाच एका ओळीत गुरुलिंगचं घर, पुढच्या खोलीत दुकान आणि मागं संसार. रोज सकाळी तो सिंधुला बाजेवरून दोन्ही हातांवर उचलायचा आणि अंगणात उन्हाला आणून बसवायचा. तिची लिंगपूजा तिथंच व्हायची. मग न्हाणीत, मग चुलीपुढं, दुपारी दुकानात गल्ल्याजवळ, संध्याकाळी ओट्यावर. लग्नाकार्यातसुद्धा तो तिला उचलूनच मांडवात घेऊन जायचा आणि बायका आपापल्या नवऱ्यांना कोपरानं ढोसायच्या. "नवरा असावा तर असा," हे त्या गावात इतक्यांदा बोललं गेलं होतं की बाकीच्या नवऱ्यांना गुरुलिंगचा मनातून राग यायचा. बिचाऱ्यांचं चुकतही नव्हतं. दुसऱ्याच्या चांगुलपणाशी रोज तोलून घ्यायचं म्हणजे जाचच की तो.

आणि त्या सकाळी बाजेवरून सिंधुला उचलता उचलता कमरेत काहीतरी कडकन झालं, डोळ्यांपुढं काजवे चमकले. सिंधु पडली नाही, कारण तो तिच्यासकट खाली बसला. तिला मांडीवर घेऊन तो तसाच जमिनीवर बसून राहिला. त्याला उठता येईना, तिला उठायचं नव्हतंच. शेवटी शेजारच्या बायका येऊन दोघांना सोडवून गेल्या.

गावातलं पहिलं औषध म्हणजे धुरपताबाई. ती पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेली, आणि अशा माणसाची लाथ बसली की उसण पळते असा आपल्याकडं भरवसा. म्हातारीनं गुरुलिंगला उंबऱ्यावर पालथं घातलं आणि नेम धरून लाथा हाणल्या. वठलेल्या देहात इतका जोर कुठं दडवला होता कोण जाणे. उसण काही गेली नाही, वर बरगडी दुखायला लागली. मग बिब्बा झाला, विटेचा शेक झाला, मेडिकलमधल्या गोळ्या झाल्या. गुरुलिंग गल्ल्यावर वाकडा बसायचा आणि मागच्या खोलीत सिंधु बाजेवर पडून असायची. शेजारणी येऊन तिचं करून जायच्या, पण उन्हात न्यायला कोण नेणार? आतून तिच्या बांगड्या वाजल्या की हा गल्ला सोडून दाराशी जायचा.

"आगं, आज बी आतच ऱ्हायलीस," तो दारातून म्हणायचा.

"ऱ्हाते की. ऊन काय संपून जातंय व्हय?" ती म्हणायची. "तुमी तुमची पाठ बगा."

पण त्याला कळत होतं. आपली कंबर गेली म्हणजे सिंधुची अंगणाची वाट गेली. आपण ह्या बाईचे पाय आहोत, आणि पायच मोडले तर ती जन्मभर ह्या चार भिंती बघत पडणार. ह्या भीतीपुढं दुखणं काहीच नव्हतं.

त्यांची मुलगी सुकन्या लातूरला वसतिगृहात राहून बारावीच्या शिकवण्या करत होती. तिला डॉक्टर व्हायचं होतं. त्या वर्षी लातुरात असं मूल शोधूनही सापडलं नसतं ज्याला डॉक्टर व्हायचं नाही. तिचा फोन आला तेव्हा बापाचा आवाज ऐकूनच तिनं ओळखलं.

"अप्पा, तुम्ही इकडं या. इथं सबिहा मॅडम आहेत, फिजिओथेरपीवाल्या. बसून बसून माझी मान धरली होती, त्यांनीच बरी केली."

"कोन्या डॉक्टरनं पाठीवलं तुला त्यांच्याकडं?"

"कुणी नाही. मी सरळ गेले."

"चिठ्ठीबिगर?"

"चिठ्ठी लागत नाही अप्पा. दार उघडायचं, काय दुखतंय ते सांगायचं. शिकवणीतली निम्मी पोरं जातात."

गुरुलिंगला हे पटलं नाही. आधी मोठा डॉक्टर, त्यानं तपासायचं, त्यानं चिठ्ठी द्यायची, मग पुढच्यानं हात लावायचा, अशी ही उतरंड त्याच्या डोक्यात पक्की बसलेली होती. का बसली होती ते पुढं येईलच. पण सिंधु आत पडून होती, म्हणून तो गेला.

सबिहाचा दवाखाना शिकवण्यांच्या गल्लीत, एका खानावळीच्या शेजारी होता. बाहेर पहिल्या आलेल्या पोरापोरींचे फोटो छापलेले हे मोठाले फलक, आत दोन खाटा, भिंतीला लावलेली लाकडी शिडी आणि चालायला शिकणाऱ्यांनी धरायचे दोन आडवे दांडे. सबिहा लातूरचीच, तिच्या आजोबांचं गंजगोलाईत अत्तराचं दुकान. वय असेल अठ्ठावीस-तीस. डोक्यावर ओढणी घट्ट गुंडाळलेली, हात मात्र एखाद्या पैलवानाचे. एका खाटेवर दोन मुली मानेला शेक घेत पुस्तक वाचत बसल्या होत्या.

"चिठ्ठी न्हाई आनली मॅडम," गुरुलिंगनं आल्या आल्या गुन्हा कबूल केल्यासारखं सांगितलं.

"नसू द्या, मामा. पाठ तर आणलीत ना?"

तिनं त्याला वाकवलं, वळवलं, पालथं झोपवलं, पाय उचलून बघितले. कुठं मुंग्या येतात का, लघवीला त्रास होतो का, असं बरंच विचारलं. मग म्हणाली, "घाबरण्यासारखं काही नाही. तसं असतं तर मीच तुम्हाला मोठ्या डॉक्टरांकडं पाठवलं असतं. स्नायू थकलेत तुमचे. ही एका दिवसाची लचक नाही, बऱ्याच सालांची आहे. काय उचलता रोज?"

"काय न्हाई."

"मामा, ही पाठ खोटं बोलत नाही. पोती उचलता?"

गुरुलिंगनं मुलींकडं बघितलं, खाली बघितलं. "बायको," तो म्हणाला.

मुलींनी पुस्तकात तोंड खुपसलं. सबिहालाही हसू आलं होतं, पण त्याचा चेहरा बघून तिनं ते गिळलं आणि खुर्ची ओढून जवळ बसली.

मग त्यानं सांगितलं. हे सांगायची त्याला सवय होती, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही होता. भूकंपाच्या पहाटे घराचं मातीचं माळवद बसलं तेव्हा तो बाहेरच्या ओट्यावर झोपला होता. आतून सिंधुचा आवाज आला म्हणून त्यानं त्या बाजूनं माती उपसली. ती निघाली. तिच्या उजव्या मांडीवर तुळई पडली होती. त्यांचं बसू नावाचं दोन वर्षांचं लेकरू पलीकडच्या भिंतीला पाळण्यात होतं. तिकडून आवाज आला नाही. पुढचं गुरुलिंग पटपट बोलला. परमुलखातनं डॉक्टर आले होते, त्यांनी तंबूत सिंधुचा पाय नीट केला, प्लास्टर घातलं. त्यातले एक उंच डॉक्टर होते, हिंदी बोलणारे. देवमाणूस. त्यांनी सांगितलं होतं, जब तक मैं ना बोलूँ, पैर नीचे नहीं रखना. चलने की चिट्ठी मैं दूँगा.

"मग?"

"मग मी तिला माह्येरी निलंग्याला नेलं. परत आनलं तवा तंबू उठला होता. नुसते खुंटे होते वावरात. प्लास्टर एका कंपाउंडरनं कापून दिलं, तो मनला पुढचं डॉक्टरला इचारा. लातुरात एकाला दाखिवलं, ते मनले जुने कागद आना. कागद कुठले? मंग ऱ्हायलं."

"राहिलं म्हणजे?"

"म्हंजे ऱ्हायलं. चिठ्ठी आली न्हाई."

सबिहानं हळू आवाजात विचारलं, "मामींची पायाची बोटं हलतात?"

"हालतात की."

"स्पर्श कळतो?"

"डास बसला तर चापट मारती."

"मग मामी चालत का नाहीत?"

गुरुलिंगला प्रश्नच कळला नाही. त्यानं तिच्याकडं अशा नजरेनं बघितलं की शिकलेली बाई असून इतकं साधं कसं समजत नाही. "डॉक्टरनं अजून सांगितलंच न्हाई की," तो म्हणाला.

त्याला मूर्ख म्हणणं सोपं आहे. पण गुरुलिंगच्या घरात एक रीत होती. मठातल्या स्वामींनी आजाऱ्याच्या दंडाला दोरा बांधला की तो सोडायचा स्वामींनीच. मध्ये माणूस खडखडीत बरा झाला तरी घरच्यांनी दोऱ्याला हात लावायचा नाही, स्वामी फिरून येईपर्यंत थांबायचं. त्याच्या आईनं असे दोरे सालोसाल दंडावर वागवले होते. त्या डॉक्टरानं तर सिंधुला मरणाच्या दारातून ओढून आणलं होतं. त्यानं घातलेली गाठ गुरुलिंगसारख्या किराणावाल्यानं सोडायची? आणि उगाच पाय टेकवला आणि पुन्हा मोडला तर? एक त्याच्या हातून मातीत राहून गेलं होतं. दुसरं त्याला गमवायचं नव्हतं. सुकन्याचं म्हणाल तर तिनं जन्मल्यापासून आई तशीच पाहिलेली. आपली आई चालत का नाही, असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"त्यांना घेऊन या," सबिहा म्हणाली. "पण तुम्ही उचलू नका. दुसऱ्या कुणालातरी सांगा."

"आन् चिठ्ठी?"

"तुम्ही आलात तशाच त्याही येतील. मामा, चालायला कुणाची चिठ्ठी लागत नसते."

हे ती सहज बोलून गेली. गुरुलिंग तिथून औशापर्यंत एसटीत उभ्यानं आला, बसायला जागा असून.

सिंधुला आणायला त्यानं जीप ठरवली. ड्रायव्हर आणि शेजारचा चंद्रप्पा, दोघांनी मिळून तिला आत बसवलं. सिंधुनं चांगलं इरकल नेसलं होतं, कपाळाला विभूती, आणि ती रस्ताभर गप्प होती. गुरुलिंगच बडबडत होता. मॅडम लई हुशार हायत, सुकन्याची मान बरी केली, तुजं बी काईतरी करतील, हळूहळू करतील, आपल्याला काय घाई हाय का. इतका तो लग्नाच्या दिवशीही बोलला नसेल. मनात त्यानं सिंधुला अंगणात चालताना बघून ठेवलं होतं. हातात लिंगपूजेचा तांब्या, पदर खोचलेला. तेवढं एक चित्र घेऊन तो लातूरला पोचला.

सुकन्या वर्ग बुडवून आली होती. सबिहानं सिंधुला खाटेवर झोपवलं आणि उजवा पाय हातात घेतला. मांडी सुकून मनगटाएवढी झाली होती. गुडघा काटकोनाच्या थोडा पुढं येऊन थांबला, तिथून हलेना. सबिहानं हळू दाबलं, वेगळ्या बाजूनं दाबलं, शेक देऊन पुन्हा दाबलं. सिंधुच्या कपाळावर घाम आला, पण तिनं हूं की चूं केलं नाही. मग सबिहा आणि सुकन्यानं दोन्ही बाजूंनी धरून तिला त्या आडव्या दांड्यांमध्ये उभं केलं. डाव्या पायावर सिंधु उभी राहिली. उजवा पाय आखडलेला, जमिनीपासून वरच लोंबत होता. तिनं तो खाली नेऊन बघितला. टाच जमिनीला लागली नाही. बोटंही लागली नाहीत.

गुरुलिंगच्या मनातला तांब्या तिथं खाली ठेवला गेला.

"बसा मामी, शाब्बास," सबिहा म्हणाली. "रोज व्यायाम करायचा. मी शिकवते. वॉकर धरून डाव्या पायावर खोलीतल्या खोलीत फिरता येईल, कुणाला न बोलावता. वेळ लागेल, पण येईल."

"आन् सरळ? पैल्यासारकं?" गुरुलिंगनं विचारलं.

सबिहानं त्याला नजरेनं बाहेर बोलावलं. खानावळीच्या बाजूला ताटं घासायचा खणखणाट चालला होता. तिथं उभं राहून तिनं सांगितलं की सांधा बिनवापराचा राहून राहून आतून धरला आहे, हाडाच्या डॉक्टरांचं मत ती घेईल, ऑपरेशन होईल का तेही विचारील, पण आशा लावून ठेवणार नाही.

"हाड नीट जुळलं नव्हतं का मॅडम?"

"हाड उत्तम जुळलंय."

"मंग तवाच आनलं असतं तर? पैल्या सालात?"

सबिहानं ओढणी सारखी केली. तिला खोटं बोलायचं होतं, ते तोंडावर दिसत होतं, आणि तिला ते जमत नव्हतं. "चालल्या असत्या," ती म्हणाली. "मामा, तुमचा दोष नाही. कुणीतरी सांगायला हवं होतं."

गुरुलिंगला एवढंच ऐकू आलं, चालल्या असत्या. गावात मांडवामांडवांतून त्यानं तिला मिरवत नेलं होतं. लोक वाहवा करत होते आणि त्याच्या हातांवर तिचा गुडघा दिवसादिवसानं आखडत होता. आपणच ह्या बाईचा पाय खाल्ला, असं त्याला वाटलं. तो सबिहाला म्हणाला, "तिला सांगू नका."

"मी आपण होऊन सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही," सबिहा म्हणाली आणि आत गेली.

व्यायाम समजावून झाले. सुकन्या पुढच्या वर्गाला पळाली. जीप तेल भरायला गेली होती, म्हणून सबिहा आणि खानावळीतल्या एका बाईनं सिंधुला दारातल्या बाकावर आणून बसवलं आणि नवराबायको दोघंच राहिली. समोरून पाठीवर दप्तरं लावलेली पोरंपोरी लोंढ्यानं चालली होती. सिंधु त्यांच्या पायांकडं बघत होती. गुरुलिंगनं सांगू नका म्हणून सबिहाला बजावलं होतं, पण त्याला स्वतःलाच ते पोटात ठेवता आलं नाही.

"सिंधु, तू चालली असतीस. तवाच आनलं असतं तर तू चालली असतीस."

"मला ठाव हाय," सिंधु म्हणाली.

"मॅडमनं सांगितलं?"

"न्हाई." तिनं पदर सावरला. "मी चालले हुते."

गुरुलिंग तिच्याकडं वळून बसला.

"पार्वतम्मा आठवती का? आपल्या पत्र्याच्या शेडात शेजारी हुती. तिचा बी पाय असाच बांधल्याला. तिला कुणी सांगितलं न्हाई चाल मनून. लेकरू रडाय लागलं, उठली आन् चालली. मनलं, ही चालती तर मी कामून नको? तुमी माल आनाय लातूरला गेलाव एक दिस. बाज धरून उठले. भिताडाला धरून दारापतूर गेले. लई दुखलं. पन गेले. दारात हुबं ऱ्हाऊन बाहेर बगितलं. मनलं, हे आले की ह्यास्नी दाखवते."

"मंग कामून न्हाई दाखिवलीस?"

ती कधीच फार बोलणारी नव्हती, आणि हे तर तिनं इतकी सालं शब्दात आणलंच नव्हतं. "तुमी कसं हुताव तवा, ते तुमाला ठाव न्हाई," ती म्हणाली. "बसूला माती दिल्यापसून जेवत नव्हताव. कुणाला बोलत नव्हताव. येरवाळी उठून हिरीवर जाऊन बसायचाव, आन् मी हितं जीव मुठीत धरून. एकच गोष्ट करायचाव. मला उनात न्यायची येळ झाली की उठून यायचाव. त्येच्यासाठी दुपारी बी घरला यायचाव. मी मनायची चला, हे आले, आजचा दिस निगला. त्या दिशी तुमी आलाव, पिशवी टाकली, आन् सरळ माज्याकडं येऊन हात घातलाव. मनलाव, चल, बाहीर बसू. पैल्यांदा हसलाव त्या दिशी. मी काय सांगनार? मी चालले असते तर तुमी कशासाठी उठला असताव?"

रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. गुरुलिंगला तिचा राग आला. इतका राग त्याला तिचा कधी आला नव्हता. त्याला ओरडावंसं वाटलं की मला कुणी विचारलं होतं, माझ्यापायी तू पाय कामून घालवलास. आणि मग त्या रागाची लाज वाटली, आणि त्या लाजेच्या खाली तो विहिरीचा काठ होता, जो त्याला चांगला आठवत होता. ती म्हणत होती त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"मनलं, हे जरा सावरू दे, मंग सांगू," सिंधु म्हणाली. "मंग सुकन्याच्या येळला दिस गेले. तुमी तर मला भुईला टेकूच दिनाव. आन् एक दिस बगितलं तर गुडगा सरळच हुईना. मंग सांगायसारकं काय ऱ्हायलंच न्हाई."

जीप आली. गुरुलिंग सवयीनं उठला, वाकला, आणि त्यानं सिंधुच्या गुडघ्यांखाली हात घातला. दारातून सबिहा ओरडली, "मामा, अजिबात नाही!" आणि धावत आली. तिनं आणि ड्रायव्हरनं मिळून सिंधुला उचललं, आत बसवलं, पाय नीट ठेवला, पदर दारात अडकला होता तो काढून दिला. गुरुलिंग रिकामे हात घेऊन बाजूला उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं अंगणात आली. गुरुलिंग जमिनीवर सतरंजीवर झोपला होता, पाठीसाठी सबिहानं तसंच सांगितलं होतं. तो जागा होता. भिंतीकडं तोंड करून पडला होता.

"अवो," सिंधुनं बाजेवरून हाक मारली. "उठा की. दुकान उगडायचंय."

तो हलला नाही.

"अवो."

"कशासाठी?" गुरुलिंग म्हणाला.

हा आवाज सिंधुच्या ओळखीचा होता. तो पुन्हा ऐकायला लागू नये म्हणून तिनं जे द्यायचं ते सगळं देऊन टाकलं होतं, आणि आता देण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिनं त्याला पुन्हा हाक मारली नाही. गुरुलिंगला मागं बाज करकरल्याचा आवाज आला, मग बांगड्यांचा, मग काहीतरी जड जमिनीवर आदळल्याचा. त्यानं दचकून मान वळवली. सिंधु खाली बसली होती. दोन्ही हात जमिनीवर टेकून, वाकडा पाय मागं ओढत, ती बसल्या बसल्या सरकत त्याच्याकडं येत होती. थोडं सरकायची, दम घ्यायची, पुन्हा सरकायची. लुगडं धुळीनं माखलं होतं. "थांब, सिंधु, थांब," असं म्हणत तो उठायला गेला तर कमरेतून कळ आली आणि तो तिथंच आडवा झाला.

ती आली. त्याच्या उशाशी बसली, आणि तिनं त्याच्या पाठीवर तळहात ठेवला. गुरुलिंगला आधी हुंदका आला, मग रडू फुटलं. बसूला माती दिली त्या दिवशी तो रडला नव्हता, त्यानंतरही नाही. आता तो लेकराचं नाव घेऊन घेऊन रडला, आणि सिंधु त्याला गप्प हो म्हणाली नाही. ती स्वतःही रडत होती. पुढं दुकानाच्या बंद फळ्यांवर कुणीतरी थापा मारत होतं, "अप्पा, साखर पायजे, अप्पा," आणि बराच वेळ कुणी उठलं नाही.